शर्टांचे रुमाल

२ मार्च

काचेच्या बरणीतली मेणबत्ती! वासाची! प्रत्येक पाहुण्याला एक! माझ्या होणाऱ्या नवऱ्याची बहीण सांगून गेली आणि चहाही पूर्ण प्यायली नाही. ‘आजकाल सगळे देतात हो, लग्नातून कोणी रिकाम्या हाताने जात नाही.’ सगळे देतात ते सगळे कमावतात. इथे एक बाई हॉस्पिटलातल्या चादरी शिवते आणि एक गृहस्थ लिफ्ट दुरुस्तीतून निवृत्त झालेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं म्हणतात. मी तर अंथरुणांच्याच खोलीत आयुष्य काढलं, मला कोण शिकवणार!

पण तिचं बोलणं डोक्यातून जात नाही. या वयात लग्न करणाऱ्यांकडे लोक नुसते बघायला येतात. ‘बघू तरी म्हातारी काय नेसते!’ बघून जाताना त्यांच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. तोंडात बोळा घालता येत नाही ना, मग हातात घालायचा.

आता शांत बसवत नाहीये. मघापासून तिसऱ्यांदा ओटा पुसला.

३ मार्च

ठरलं. आपला हात जगन्नाथ. जे द्यायचं ते घरी करायचं. काय, ते अजून माहीत नाही.

५ मार्च

मेणबत्त्या घरी करून पाहिल्या. जुन्या कानतुटक्या कपांत. वात वाकडी, मेण मधे खड्ड्यात बसलं, पातेलं कायमचं गेलं. एक कप तडकला. हे गृहस्थ संध्याकाळी आले, एक कप उचलून सगळीकडून बघितला आणि म्हणाले, ‘बाई, हे पेटवायचं असतं का?’

हसू आलं. रागही आला. हे अजून मला ‘बाई’च म्हणतात. हॉस्पिटलात सगळे म्हणतात ना, म्हणून. आमची ओळखच तिथली. मी स्वच्छ चादरींची ट्रॉली घेऊन लिफ्टमध्ये होते आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. वरच्या फटीतून यांचे नुसते बूट दिसत होते आणि आवाज येत होता — ‘घाबरू नका बाई, ही काही पडत नाही, नुसती रुसते.’ मी म्हटलं, रुसली असेल तर समजूत काढा लवकर, वॉर्डात चादरी नाहीत! असं पाऊण तास भांडलो. चेहरा नंतर बघितला.

८ मार्च

आज त्याचं कपाट उघडलं.

गेल्याला चार वर्षं झाली. मोठ्या हॉटेलात वेटर होता माझा नवरा. पांढरे शर्ट, सगळे सुती. बाकीचे वेटर न चुरगळणारे, चकचकीत घ्यायचे. हा म्हणायचा, ‘दहा तास अंगावर ठेवायचा तर श्वास घेणारा हवा.’ खळ घालून इस्त्री मी करायची, हा फक्त श्वास घ्यायचा! कपाटात अजून तशीच चळत आहे. वेटरच्या शर्टाची पाठ कधी विरत नाही, वरून कोट असतो. विरतात कॉलर आणि कफ. पाठ नव्यासारखी, धुऊन धुऊन मऊ. असं कापड आज दुकानात मागितलं तर दुकानदार वर-खाली बघेल.

पाठीत दोन रुमाल. एकेका बाहीत एकेक. पुढून खिसा टाळून एखादा छोटा.

बघितलं, मोजलं, आणि मग पलंगावर बसून राहिले. कारण लेकीने बजावून ठेवलंय. तो गेला त्या आठवड्यात — ‘आई, बाबांच्या कपाटाला हात लावायचा नाही.’ तेव्हा ठीक होतं. तेव्हा मलाही उघडायचं नव्हतं. ती आता लांब, दुसऱ्या शहरात, तिचा संसार तिकडे. इथे त्या कपाटासमोरून रोज मी जाते. आणि गेल्या महिन्यात लग्नाचं सांगितलं तर म्हणाली, ‘तू कर. मी नाही म्हणणारी कोण! पण मी येणार नाही.’ भांडली असती तर बरं झालं असतं. माझी लेक भांडत नाही म्हणजे दार लावून घेतलंय.

निळा शर्ट सापडला नाही. त्याचा एकच रंगीत शर्ट तो. सुट्टीच्या दिवशीचा. शाळेत तिचं काही असलं की हमखास तोच. तिचा रुमाल त्यातूनच करावा म्हणून शोधला. चळत दोनदा उपसली. कुठे गेला?

९ मार्च

कात्री लावली.

पहिला काप देताना हात थांबला. खोटं कशाला लिहू. मग मनात म्हटलं, तू असतास तर म्हणाला असतास, ‘अगं, नवं कापड विकत आणायला काय हॉटेलचे मालक आहोत?’ त्याला अन्न टाकलेलं आणि कापड पडून राहिलेलं बघवायचं नाही. मग कर्रकन कापला.

काठ बारीक दुमडून हातानेच शिवतेय. मशीनने कडक होतात.

११ मार्च

या गृहस्थांना सांगावं कसं, हा घोर होता. कोणत्या माणसाला सांगायचं, की तुमच्या लग्नात माझ्या आधीच्या नवऱ्याचे शर्ट वाटणार आहे! सरळ सांगून टाकलं. मला आडवळणाने बोलता येत नाही.

एक रुमाल हातात घेऊन बराच वेळ बोटांनी चाचपत राहिले. म्हटलं, बोला काहीतरी. तर म्हणाले, ‘कसा होता तो माणूस?’

दोन वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा विचारलं. मी सुरुवात केली ती थांबेचना — त्याची चाल, हातावर चार ताटल्या तोलून दार पायाने उघडायचा ते, घरी मात्र पाण्याचा पेला उचलून ठेवायचा नाही ते. हे ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘मला दोन द्या. एकाने काय होतंय, मला घाम फार येतो.’

रडायला आलं. उठून कणीक मळायला घेतली, कारण नसताना.

१४ मार्च

उचलली जीभ लावली टाळ्याला! कधी अक्कल येणार मला!

जावयाचा फोन होता. तो बिचारा दोन्हीकडून भरडला जातोय. ‘आई, ती ऐकत नाही हो. मी सांगून बघतो.’ मी म्हटलं, सांगू नकोस. लग्न अकरा एप्रिलला, संध्याकाळी, आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये, चहा आणि केक. यायचं त्याने यावं. ‘आणि हो, येणाऱ्याला रुमाल मिळेल. न येणाऱ्याला मी पोस्टाने पाठवणार नाही, आधीच सांगते.’ त्याने साधं विचारलं, कसले रुमाल? आणि मी बोलून गेले. बाबांच्या शर्टांचे.

फोन तिकडे मोठ्या आवाजावर ठेवला होता की काय, देव जाणे. मागून तिचा आवाज — ‘काय? काय म्हणाली ती?’ मग फोन तिच्याच हातात.

‘बाबांचे शर्ट कापलेस?’

हो म्हटलं.

‘त्या माणसाच्या लग्नासाठी?’

माझ्या लग्नासाठी, म्हटलं. कापड चांगलं होतं.

‘कापड!’ एवढंच म्हणाली. फोन ठेवला नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

कापड चांगलं होतं! हे काय उत्तर झालं? माझ्या मनात एवढं सगळं होतं आणि तोंडातून आलं काय तर कापड!

१५ मार्च

फोन नाही. मीही केला नाही. खिडक्या धुतल्या.

१८ मार्च

शिवणं थांबवता येत नाहीये. कामावरून येते, पायातलं काढते, सुई घेते. सुई हातात नसली की घरात येरझारा. जेवण उभ्याउभ्याच. हात एकदा कामाला लागले की डोकं गप्प बसतं, म्हणून शिवते. पिशवी भरत चाललीय. काठ शिवायचा, लाल दोऱ्याने कोपऱ्यात जरा काहीतरी नक्षी काढायची, की झाला. नक्षी काय काढतेय ते बघतही नाही. डोळे फोनकडे, हात रुमालावर.

रेडिओला एक दिला आज. रेडिओ म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरची. बंद होत नाही म्हणून रेडिओ. ‘अगं बाई, काय मऊ!’ म्हणून लगेच नाक पुसलं. लग्नाआधीच!

१९ मार्च

आज नोकरीच जायची वेळ आली होती!

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. आमच्या लिनन रूमचा कारभार त्यांच्याकडे. हॉस्पिटलातली चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल, सगळं त्यांच्या नजरेखालून जातं. टेबलावर रेडिओचा रुमाल पसरलेला. रेडिओ बाजूला उभी, चक्क गप्प!

‘हे तुम्ही वाटताय?’

हो. माझ्या लग्नासाठी केलेत.

‘आमच्या चादरी फाडून?’

मला कळेचना. त्यांनी रुमालाच्या कोपऱ्यावर पेन्सिल टेकवली. बघते तर काय — लाल दोऱ्यात छप्पर, आणि छपराखाली एक ठिपका. लिनन रूमची खूण!

वर्षानुवर्षं हातातून तीच गेलीय. हॉस्पिटलच्या प्रत्येक कपड्यावर कोपऱ्यात ती घालायची, म्हणजे धुलाईहून, वॉर्डातून, कुठूनही कपडा बरोबर आमच्या खोलीत परत येतो. आमचं कामच ते. आणि मी नक्षी म्हणून, लग्नाचे रुमाल म्हणून, तीच घालत बसले! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती अशी.

‘बाई,’ मी म्हटलं, ‘हे हॉस्पिटलचं नाही. माझ्या नवऱ्याचे शर्ट आहेत.’

‘नवऱ्याचे? लग्न तर अजून व्हायचंय ना?’

‘हे आधीच्याचे.’

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पुसायला म्हणून समोरचा रुमाल उचलला, मग काय उचललं ते लक्षात आल्यावर परत ठेवला. ‘आधीच्या नवऱ्याचे शर्ट, नव्या लग्नात, आमची खूण.’ असं एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. मागे रेडिओला हसू फुटलं. ते खोकल्यावर नेलं तिने, पण काय उपयोग!

त्यांनी कापड उजेडात धरून बघितलं. शेवटी त्यांनाही कापड कळतं. आमची चादर जाड, हे पातळ. बटणांच्या पट्टीची शिवण उसवल्याची रेघ एका कडेला दिसत होती. ‘बरं,’ म्हणाल्या. ‘पण ही खूण घालून बाहेर वाटायचे नाहीत. उद्या कोणी म्हणेल लिनन रूममधून चोरी होते. तुमच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत. कशाला?’

खरं आहे त्यांचं. तोंडचं पाणी पळालं होतं माझ्या.

२० मार्च

पिशवी पलंगावर ओतली. सगळ्यांवर! एकही सुटला नाही. उसवून बघितला एक, तर झिजलेल्या कापडात सुईची भोकं राहतात. चाळणी झाली. नवं कापड घ्यायची ऐपत असती तर हा उद्योग केलाच नसता.

आणि बसल्या बसल्या आठवलं की ही खूण माझ्या घरातही होतीच. पूर्वी राहायचो तिथे सगळ्या बिऱ्हाडांचे कपडे एकाच गच्चीवर वाळायचे. कोणाचं काय ते कळायचं नाही. म्हणून मी तिघांच्याही कपड्यांवर हीच घालत असे, त्याच्या शर्टांच्या कॉलरच्या आत, हिच्या फ्रॉकच्या घेरात. लेक मोठी झाली, हॉस्टेलला गेली, तिथल्या मुलींनी चिडवलं, ‘हॉस्पिटलचे कपडे घालते!’ रडत रडत फोन. मी म्हटलं, अगं, म्हणजे तुझा कपडा हरवणार नाही. ‘मला हरवलेला चालेल!’ म्हणाली. बाबाने मग समजूत काढली. तो काय बोलला कोण जाणे, पण त्यानंतर तिने खुणा उसवल्या नाहीत.

माझ्या हाताने बरोबर त्याचंच कापड ओळखलं. मलाच कळलं नव्हतं.

मग सुई ओवली आणि छपराखाली अजून एक ठिपका घातला. छपराखाली दोन ठिपके. हॉस्पिटलची खूण नाही आता. एकेका रुमालाला एक टाका, भोक नाही, खर्च नाही. मोठ्या बाईंना दाखवला. बोटाने दोन्ही ठिपके चाचपले आणि म्हणाल्या, ‘हे चालेल.’ मग हळूच, ‘मलाही एक ठेवा.’

२४ मार्च

यांनी दोन ठिपके लगेच ओळखले. ‘हे आपण का?’ मी म्हटलं, फार खूश होऊ नका, नाइलाज होता.

मग म्हणाले, ‘बाई, एक विचारू? लेक येत नसेल तर लग्न पुढे ढकलू या. मला घाई नाही.’

इतकी चिडले! यांना घाई नाही! मला आहे. मला त्या हॉलमध्ये उभं राहायचंय, चांगली साडी नेसून, आणि माझ्या लेकीने मला बघायला हवंय. ती म्हणेल तेव्हा, ती म्हणेल तसं करायचं तर ती कधीच म्हणायची नाही. आणि ती नसताना करायचं तर — तर काय? तर घशाखाली केक उतरणार नाही, एवढंच. मला दोघंही हवेत. हे म्हणजे फार मागणं आहे का?

हे सगळं मोठ्याने बोलले. शेजारी ऐकू गेलं असेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जाताना दाराची बिजागरी किरकिरते म्हणून तेल घालून गेले. या माणसाशी भांडायची सोयच नाही.

२९ मार्च

रुमाल कमी पडतायत! रेडिओने परस्पर आपलं अख्खं घर बोलावलंय, दीर-जावा धरून. ‘तुझ्या लग्नाला नाही यायचं तर कोणाच्या!’ यांच्या बहिणीकडचेही वाढले. ती आता मेणबत्तीचं नाव काढत नाही. रुमालच सगळ्यांना सांगत सुटलीय, जणू तिलाच सुचले.

शर्ट संपले. आता उरलाय तो निळा, आणि तो सापडत नाही. माळा काढला, पलंगाखालची पेटी काढली, उश्यांचे अभ्रे उलटे केले. मग मनात आलं, मीच तर टाकला नाही? तो गेल्यानंतरच्या त्या दिवसांत मी काय केलं, काय नाही, मला आठवत नाही. घर पुसत सुटले होते, हाताला येईल त्या फडक्याने. त्या निळ्याचं मीच फडकं केलं असेल तर?

तसंच केलं असणार. लेकीला काय तोंड दाखवू!

३० मार्च

राहवलं नाही. कामावरून आल्या आल्या तिला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं. उचलला.

बोलायला काही ठरवलं नव्हतं. एकदम म्हटलं, बाबांचा निळा शर्ट कुठे आहे, तुला माहितेय का?

‘का? तोही कापायचाय?’

म्हटलं, हो. तुझा रुमाल त्याचा करणार होते. तुला पांढरा द्यायचा नव्हता. पांढरे सगळ्यांना आहेत, ते हॉटेलचे. निळा आपल्या घरचा होता. पण सापडत नाही, बहुतेक माझ्याच हातून गेला. फडकं केलं असेन मी. तुझी शपथ, मुद्दाम नाही.

माझा आवाज कसा झाला होता कोण जाणे.

मागे तिच्या घरात नळ चालू होता. मग तिने विचारलं, ‘तो घाम पुसतो त्याने? त्या शर्टांच्या रुमालाने?’ हे जावयाला मीच सांगितलं होतं नंतरच्या एका फोनवर, यांनी दोन मागितले म्हणून.

म्हटलं, हो. बाबांबद्दल विचारत होते. मी सांगितलं सगळं. ताटल्यांचं पण.

‘दार पायाने उघडायचे ते?’

ते पण.

‘मला कामं आहेत, आई,’ म्हणाली आणि ठेवला. पण आई म्हणाली. आधीच्या फोनवर एकदाही म्हणाली नव्हती.

४ एप्रिल

काही नाही. नळ गळतोय.

७ एप्रिल

सगळे रुमाल धुतले, हलकी खळ घातली, इस्त्री केली. खळीचा वास घरभर झाला. तो वास! दर सकाळचा. मी इस्त्री करतेय आणि तो मागून बटणं लावत घाई करतोय, असं वाटलं. वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर नसता.

हे गृहस्थ घड्या घालायला बसले होते. यंत्रावरची बोटं ती, रुमालाची घडी काही जमेना, एक टोक लांब, एक आखूड. मी हात धरून शिकवलं. अर्ध्याच घड्या चांगल्या झाल्या, पण बाकीच्या मी उलगडल्या नाहीत, तशाच ठेवल्या. लोकांना कळू दे कोणी घातल्या.

रुमाल थोडे कमी आहेत ते आहेतच. आम्ही दोघं आमचे देऊन टाकणार. यांनी लगेच दोन्ही काढून दिले. ‘घामाचं बघू.’

तिचा नाही केला. पांढरा करणार नाही. हट्ट समजा.

९ एप्रिल

हॉल झाडून आलो. खुर्च्या लावल्या. पहिल्या रांगेत मी एक खुर्ची जास्त लावली, यांनी बघितली. मग मीच काढली. घरी यायला निघालो आणि परत जाऊन लावली. रेडिओ म्हणाली, ‘एकदा काय ते ठरव, पाय दुखत नाहीत का तुझे?’

दुखतात. पण बसले की ऐकू येतं — ‘मी येणार नाही.’ तिचा आवाज शांत होता ना, म्हणून विसरता येत नाही. ओरडली असती तर मी ओरडले असते आणि संपलं असतं.

साडी काढून ठेवली. घडी मोडली, परत घातली. परवा माझं लग्न आहे आणि मी घरात अशी फिरतेय, जणू परवा कोणी दुसरीच बाई इथून जाणार आहे आणि तिचं सामान मला बांधायचंय. आनंद आहे, खरंच आहे. पण त्याला बसायला जागा मिळत नाही.

१० एप्रिल

कुरियरवाला आला. पिशवीत निळा शर्ट. चिठ्ठी नाही. चार वर्षं तिच्याकडेच होता, माझ्याकडून हरवला नव्हता! कॉलरच्या आत माझी खूण, छप्पर आणि ठिपका, जशीच्या तशी.

उजवी बाही नाही. शिवणीपासून नीट कापून घेतलीय.

म्हणजे तिचा रुमाल तिने करून घेतला. रुमाल येणाऱ्यालाच, हे तिला माहीत आहे.

उरलेला मी आत्ता कापतेय. जावयाला फोन लावते, गाडी किती वाजता पोचते ते विचारायला.